नाडी न बघता दिलेली गोळी

प्रिय मयूरा,

इथे डार्विनमध्ये नुसतं उकडतंय. तुझ्या कढीपत्त्याला रोज पाणी घालते, तुझी खोली तशीच आहे. स्कोफिल्ड्सला तुझ्या भावाच्या घरी, वहिनींना फोन केला होता. म्हणाल्या, तू माझं नाव स्क्रीनवर बघतेस आणि फोन उपडा ठेवतेस. म्हणून कागदावर लिहितेय.

आधी आपल्या वॉर्डातल्या डोरीन आजीचं सांगते. ती घरी गेली, स्वतःच्या पायांनी. जाताना मला थांबवून विचारलं, "ती मुलगी परत कधी येणार? तिने मला खरं सांगितलं."

त्या दुपारच्या शिफ्टला किती कमी लोक होतो, ते मला माहीत आहे. आजीला तिची हृदयाची गोळी, डिगॉक्सिन, देऊन तू पुढच्या बेडकडे वळलीस. दुसऱ्याच औषधाचा डोस बघायला फोनवरची औषध-माहिती उघडलीस आणि डिगॉक्सिनची ओळ समोर आली: देण्याआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजा, साठच्या खाली असेल तर देऊ नका, डॉक्टरांना कळवा. ट्रॉलीला कुलूप लावून तू धावत मागे गेलीस. नाडी मंद होती.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. तू सरळ डॉक्टरांना म्हणालीस, "मी नाडी न बघता गोळी दिली. आता फार मंद लागतेय." मॉनिटर लागला, रक्त तपासलं, पुढची गोळी थांबवली. तू आजीच्या शेजारी बसून तिलाही सगळं सांगितलंस. सकाळी तिची नाडी ठीक होती, पण तू तोवर राजीनामा लिहिला होतास.

माझ्या बाबांबद्दल तुला कधी बोलले नाही. मी बारावीत होते. सांगलीच्या एका दवाखान्यात त्यांना इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात ते गेले. सगळे दबक्या आवाजात बोलत होते, आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायचे. कदाचित कुणाची चूक नसेलही. पण आई अजून विचारते, त्यांना नेमकं झालं तरी काय होतं.

आपल्या वॉर्डप्रमुख मिशेलने तुझा राजीनामा अजून पुढे पाठवलेला नाही, मीच तिला थांबवलंय. वॉर्डात आता या गोळीसाठी नाडी लिहिल्याशिवाय संगणक पुढे जाऊ देत नाही. तुझ्यामुळे.

आणि एक. माझ्या गळ्यात गाठ निघाली आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन, नंतर आपल्याच वॉर्डात ठेवणार आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. वॉर्डात सगळ्या चांगल्याच आहेत गं, पण मला गोळ्या देणारी तू हवी आहेस. चुकलीस तर मला सांगशील, एवढी मला खात्री आहे. येशील का?

तुझीच,
विनीता