पूजेतले हातमोजे

दि. ६ जानेवारी २०२६

प्रति,
मा. दावे अधिकारी,
कंत्राटी सफाई कामगार अपघात विमा कक्ष,
अंधेरी (पूर्व), मुंबई.

अर्जदार : सौ. रुक्मिणी काशीराम शिगवण,
राहणार दिंडोशी, गोरेगाव (पूर्व), मुंबई.

विषय : खंडेनवमीच्या दिवशी हातमोजे पूजेत असल्यामुळे नामंजूर झालेला माझ्या पतीचा अपघात दावा पुन्हा तपासून मंजूर करणेबाबत.

संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. १८ डिसेंबर २०२५, आणि त्यानंतर आपल्या कार्यालयात घातलेल्या माझ्या खेपा.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की, माझे पती श्री. काशीराम गोविंद शिगवण हे ठेकेदाराकडे कचऱ्याच्या गाडीवर भरणीचे काम करतात. हा अर्ज खरे तर त्यांनी करायचा. परंतु त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत, पेन धरवत नाही. म्हणून मी सांगते आहे आणि मुलगी जान्हवी टाइप करते आहे. शब्द माझे आहेत. कुठे कमीजास्त झाले तर राग मानू नये, बोलून बोलून मी आता थकले आहे.

१. आपल्या पत्रात एकच कारण दिले आहे : "सुरक्षा साधने उपलब्ध असूनही कामगाराने ती हेतुपुरस्सर वापरली नाहीत." पुरावा म्हणून खंडेनवमीच्या सकाळचा, यांच्या सफाई चौकीवरचा फोटो जोडला आहे. फोटोत नवे हातमोजे आहेत, गमबूट आहेत, झाडू आहेत, मागे गाडी आहे. हे सगळे खरे आहे. पण साहेब, त्या हातमोज्यांवर कुंकू आहे, झेंडू आहे, पुढे उदबत्ती लावली आहे, तेही त्याच फोटोत आहे. तेवढे कुणी पाहिलेले दिसत नाही.

२. खंडेनवमीला हत्यार पुजतात हे आपणास मी काय सांगावे. सुताराची करवत, शिंप्याचे मशीन, तसा यांचा झाडू. एकदा पूजेला मांडले की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होऊन ते उचलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला तेवढी एक दिवसाची झोप. पण कचऱ्याला खंडेनवमी नसते. तो त्या दिवशी जास्तच निघतो, कारण घरोघर साफसफाई चाललेली असते. म्हणून यांच्या चौकीवर अशी रीत आहे की पूजेला नवी वस्तू ठेवायची आणि गाडीवर जुनी घेऊन जायचे. आजवर कुणाचे काही अडले नाही.

३. या वेळी चूक झाली ती अशी. जुने हातमोजे पार फाटले होते, बोटे बाहेर आली होती. नवे बरेच दिवस चौकीतल्या खोक्यात पडून होते. ठेकेदाराचे सुपरवायझर श्री. चंद्रप्रकाश साहेब यांनी वाटप त्याच सकाळी ठेवले, पूजा आणि वाटप एकाच फोटोत यावे म्हणून. "मोजे पुढे घ्या, फोटो झकास आला पाहिजे," असे ते म्हणाले आणि नारळही त्यांनीच फोडला. नवे आले म्हणून माणसांनी आनंदाने जुने गाडीत फेकले. मग नव्यांवर कुंकू पडले. जुने गेले कचऱ्यात, नवे बसले देवात, आणि हात राहिले उघडे.

मुकादम धोंडिराम भाऊ आमच्या यांना म्हणाले, "काश्या, आज हत्याराला हात लावायचा नाय हां."

आमचे हे म्हणाले, "मग कचऱ्याला काय लावू, पाय?"

सगळे हसले, चंद्रप्रकाश साहेबही हसले, आणि गाडी निघाली.

४. बाजारातल्या फुलवाल्यांनी टाकलेल्या झेंडूचा ढीग होता. हे म्हणतात, "फूल हाताला मऊ लागते, म्हणून मी बेफिकीर कवेत घेतले. एरवी काचेच्या कचऱ्यात मी असा हात घालत नाही." त्या फुलांखाली कुणीतरी फुटकी ट्यूबलाइट ठेवून दिली होती. उजवा हात तळव्यापासून बोटांपर्यंत फाटला. आधी त्यांना कळलेच नाही. पाकळ्यांच्या रंगात रक्त दिसेना.

५. टाके भरले, पण आत बोटांच्या शिरा तुटल्या आहेत. डॉक्टरीणबाईंनी हाताच्या खास शस्त्रक्रियेसाठी दुसऱ्या रुग्णालयात पाठवले. तिथले लोक म्हणतात, आपल्या कक्षाचा मंजुरी क्रमांक आल्याशिवाय तारीख देता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले आहे की हे फेब्रुवारीच्या आत झाले तर मूठ वळेल. पुढे गेले तर बोटे आहेत तशीच राहतील. म्हणून मी घाई करते आहे.

६. आपल्या कार्यालयात ऋता मॅडम आहेत, त्या चांगुलपणाने बोलतात. त्यांनी पहिल्यांदा सांगितले, हातमोजे पूजेत होते असा दाखला आणा. पुजारी नव्हता, पूजा मुकादमांनी केली होती, त्यांचा दाखला आणला. तो परत आला, त्यावर शेरा होता : "देवाचे नाव नमूद नाही." मुकादमांनी डोके खाजवले आणि नावाच्या जागी लिहिले : झाडू, फावडे, गाडी, गमबूट व हातमोजे. तोही परत आला.

७. नंतर आपले पाहणी करणारे गृहस्थ घरी आले. जुन्या हातमोज्यांचा तुकडा तरी दाखवा म्हणाले. ते कचऱ्याबरोबर गेले, साहेब, आम्ही कचरा घरी आणत नाही. मग म्हणाले, दसऱ्यानंतर चौकीवरून घरी आलेले नवे घालून दाखवा. वाकड्या, सुजलेल्या बोटांवर हातमोजा चढेना. त्यांनी लिहून घेतले की हातमोजे मापाचे नाहीत, आणि मलाच विचारले, "मावशी, मग वाटप झाले तेव्हाच तक्रार का नाही केली?" मी त्यांना चहा दिला. दुसरे काय देणार? जाताना बजावून गेले, हा पुरावा आहे, जसा आहे तसा ठेवा, वापरू नका.

८. गेल्या आठवड्यात दाव्याचा कागद पुन्हा परत आला आहे. कारण : कामगाराची सही पूर्वीच्या सहीशी जुळत नाही. पूर्वीची सही उजव्या हाताची आहे.

९. यांची कुणाविरुद्ध तक्रार नाही. देवाचा दोष नाही, मुकादमांचाही नाही, त्यांनी रीत पाळली. हे दिवसभर दाराशी बसतात आणि रबरी चेंडू दाबायचा प्रयत्न करतात. चेंडू पडतो, घरंगळत जातो, शेजारच्यांची मुले आणून देतात. जेवायला बसले की मी भात कालवून देते आणि मान दुसरीकडे वळवते. शिमग्याला गावच्या नमनात मृदंग यांचाच असायचा. या वर्षी गावाहून फोन आला, तेव्हा यांनी मलाच बोलायला सांगितले.

तरी विनंती आहे की, फोटो पुन्हा एकदा नीट पाहून दावा मंजूर करावा आणि मंजुरी क्रमांक फेब्रुवारीपूर्वी मिळावा. सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा चालवून घ्यावा. तसेच पुढच्या खंडेनवमीआधी ठेकेदारास लेखी कळवावे की प्रत्येकास दोन जोड द्यावेत, एक जोड देवाला, एक जोड हाताला. रीत सोडा असे आम्हाला सांगू नये. उघड्या हाताने जा असेही सांगू नये.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेली,
आपली नम्र,

(सही) रुक्मिणी काशीराम शिगवण
(डाव्या हाताचा अंगठा) काशीराम गोविंद शिगवण

सोबत :
१. चौकीवरचा फोटो, मोठा करून.
२. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
३. मुकादमांचे दोन्ही दाखले.
४. हातमोजे, एक जोड, कुंकू लागलेले, न वापरलेले. आपल्या माणसाने बजावल्यामुळे आजवर कुणाला दिले नाहीत. तपासून झाल्यावर कृपया लवकर परत करावेत. यांच्या जागी गाडीवर माणिक नावाचा माणूस लागला आहे, त्याला अजून हातमोजे मिळालेले नाहीत.