यंत्र खुब्याशी वाजलं

मुंबई,
२२ फेब्रुवारी १९६८

प्रिय मनकर्णा,

अनेक आशीर्वाद. माझी कुसुम वाटीनं दूध पिते का? लोणारला सकाळी अजून गार असेल, तिच्या कानाला फडकं बांधत जा. शालिग्रामरावांना नमस्कार सांग.

मी बरी आहे. आजच मला त्या वेगळ्या खोलीतून बाहेर आणलं, म्हणून लिहायला बसले.

गेल्या आठवड्यात औषध दिलं. गोळी नाही, सुई नाही, घोटभर पाणी. पण देणारे डॉक्टर शिशाच्या आडोशामागे उभे, आणि नर्सनं पेला लांब चिमट्यानं पुढे केला. मी नळीनं प्यायले. सगळे बाहेर गेले, दार लागलं. जेवणाचं ताटसुद्धा उंबऱ्याशी ठेवून नर्स मागे सरायची.

"बाई, मले महारोग झाला का?"

"तुमच्या अंगातून सध्या किरणं निघतात," ती दारातूनच म्हणाली.

मग डॉक्टर किरणं ओळखणारं एक यंत्र घेऊन आले. मानेशी ते थोडंसं कडकडलं. तिथली गाठ नागपूरला काढलेलीच, म्हणून मी निर्धास्त होते. त्यांनी ते उजव्या खुब्याशी आणलं आणि मनू, ते असं वाजायला लागलं की मी खाटेची कड घट्ट धरली. डॉक्टर मात्र हसले. "छान! औषध बरोबर पोहोचलं."

"खुब्यात काऊन? तो तं मी विहिरीवर पडली म्हणून दुखते."

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. मग सावकाश सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथीच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. कॅन्सर होऊन त्या हाडात जाऊन बसल्या, तरी माझ्या पेशींची ती ओढ सुटलेली नाही. म्हणून किरणांचं आयोडीनच पाजलं. जिथे त्या, तिथे ते जातं आणि त्यांना जाळतं. यंत्र खुब्याशी गप्प राहिलं असतं, तर या औषधाचा उपयोगच नव्हता.

ते चांगलंच सांगत होते गं. माझ्या कानात एकच शब्द राहिला. मला तर सगळ्यांनी साधी गाठ सांगितली होती.

संध्याकाळी हे दाराबाहेर येऊन उभे राहिले.

"तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"नागपूरपासून?"

"तुले सांगून काय केलं असतं वं? जेवण सोडलं असतं तू."

मला राग आला नाही. हे उपरण्यात तोंड घालून रडले, आणि मला उठून जवळही जाता येईना.

तेव्हापासून एकच आठवतं. लोणारच्या स्टँडवर कुसुमला माझ्याकडून घेतलंस, तेव्हा 'कधी येशील' असं तू विचारलंच नाहीस.

असो. हे औषध पुन्हा द्यावं लागेल. गुण किती येईल, डॉक्टर सांगत नाहीत. गावी आले तरी काही दिवस पोरीला जवळ घ्यायचं नाही. तिनं माझ्याकडे हात पसरले, तर तिला उचलून आत ने. मी काही बोलणार नाही. ती तुला आई म्हणाली, तरी म्हणू दे.

फक्त यापुढे मला खोटं सांगू नकोस.

सगळं कळूनही परत यायला निघालेली,
तुझी ताई
तानाबाई