फोटोतला बाप

३ जुलै, सोमवार

रोल मिळाला. सकाळी बर्निसचा फोन आला. नाताळचा सिनेमा, टेलिव्हिजनसाठी. माझं पात्र फ्रँक, नायिकेचा बाप. सगळं कथानक त्याच्याभोवती फिरतं. घर त्याचं, सुतारकामाचं दुकान त्याचं. नायिका शहर सोडून गावी परत येते तीही त्याच्यामुळेच.

फ्रँक सिनेमा सुरू होण्याआधी वारलेला आहे.

म्हणजे फोटो. शेकोटीवरच्या फळीवर, फ्रेममध्ये. संवाद नाहीत. बर्निस म्हणाली, ओरेस्ट, राजा, एका दिवसाचं काम आहे, जा आणि हसून ये. एजंट म्हणून ती चांगली आहे, पण अभिनयातलं तिला कळत नाही. संवाद असले की कुणीही बोलतो.

आजपासून रोज तीन पानं लिहायची. आजोबांवरच्या स्क्रिप्टचा तिसरा प्रवेश या महिन्यात संपलाच पाहिजे. रोज नदीकाठी चालायचं. नव्या व्हिजिटिंग कार्डावर क्रम बदलायचा: लेखक, निर्माता, अभिनेता. की अभिनेता आधी?

६ जुलै, गुरुवार

लिहिणं झालं नाही. चालणंही. फ्रँकची तयारी चालू आहे.

त्याचं चरित्र लिहून काढलं, जन्मापासून. बायको लवकर गेली. मुलीला एकट्याने वाढवलं. एक रात्रही घराबाहेर राहिला नाही. अवघड भूमिका.

दिग्दर्शिकेला ईमेल केली: फ्रँक कशाने गेला? हृदयविकार की अपघात? चेहऱ्यात फरक पडतो. असिस्टंटचं उत्तर आलं, सर, फोटो हयातीतला आहे.

११ जुलै, मंगळवार

शूटिंग, सेल्कर्कला. भयंकर उकाडा, आणि डास. मुख्य रस्त्यावर कागदाचा बर्फ. माणसं मफलर गुंडाळून एकमेकांना नाताळच्या शुभेच्छा देतायत आणि कट म्हटलं की मफलर फेकून सावलीत पळतायत. मला जाड लोकरी स्वेटर.

फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा कमी. कमी केलं. म्हणाला, अजून कमी. दिग्दर्शिका लांबून ओरडली, अहो, आपण मरणार आहोत हे त्याला माहीत नाहीये! चांगली सूचना. असं थेट बोलणारी माणसं या धंद्यात कमी.

मेकअपची शौना माझा घाम टिपत होती. टिपता टिपता तिने तिकिटांचा जुडगा काढला. म्हणाली, मैत्रिणीचा सोशल आहे, दोन घ्याच. ट्रान्सकोनाला, कर्लिंग क्लबच्या हॉलमध्ये. बार स्वस्त आहे आणि बक्षिसांत बार्बेक्यू आहे.

तिकिटावर लेस्याचा फोटो होता. शेजारी एक दाढीवाला मुलगा. लेस्या आणि कोल्टन. सोशल १९ ऑगस्टला. लग्न १४ ऑक्टोबरला.

मी म्हटलं, ही माझी मुलगी.

शौना हसली. म्हणाली, थट्टा करताय. लेस्याचे बाबा म्हणजे लॉर्न, हीटिंग दुरुस्त करतात, आमच्याकडेही तेच येतात. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, अगं बाई. मग तुम्हाला मी कसं काय तिकीट विकू?

दोन घेतली.

१२ जुलै, बुधवार

शांतपणे विचार केला. राग नाही. लग्नाआधी सोशल करायचा ही विनिपेगची रीतच आहे. हॉल, बार, नाच, आणि जमेल ते नव्या संसाराला. तिकीट काढून कुणीही यावं. आता कुणीही म्हटल्यावर त्यात बाप धरत नाहीत, त्याला वेगळं सांगतात. लेस्या स्वतः येऊन सांगणार असेल. गंमत करायची तिला पहिल्यापासून सवय आहे.

लॉर्न हा लेस्याच्या आईचा, नादियाचा, आताचा नवरा, एवढंच. माणूस चांगला आहे. लेस्या मला अजून तातो म्हणते, आजोबांच्या भाषेत बाबा, आणि त्याला नुसतं लॉर्न. यात सगळं आलं. चर्चमध्ये तिच्याबरोबर चालायला माझ्याशिवाय कोण असणार? लोकांसमोर चालणं हा माझा व्यवसाय आहे.

तिच्या नर्सिंगच्या पदवीदानाला जाता आलं नव्हतं. रेजायनाला ऑडिशन होती, टायरच्या जाहिरातीची. त्यानंतर भेट नाही. पण तिने मनावर घेतलं नाही. समजूतदार आहे. लहान असताना शाळेत बाईंना सांगायची, तातो नाही येणार, त्याचं काम असतं. बाईंनी मला नंतर सांगितलं. किती अभिमान वाटला होता.

१८ जुलै, मंगळवार

नादियाला फोन केला. म्हणाली, तुला कुणी सांगितलं? म्हटलं, इंडस्ट्रीत कळतात गोष्टी. म्हणाली, ती सांगणार होती रे. कसं सांगावं तेच तिचं ठरत नव्हतं. तू येतो म्हणतोस आणि मग ती दाराकडे बघत बसते. मी म्हटलं, या वेळी बघावं लागणार नाही. म्हणाली, मग ये. तिकीट काढलंयसच ना. फक्त भाषण करू नकोस, सोशलला भाषणं नसतात.

नादियाला रंगमंचाची जाण कधीच नव्हती. दुपारी भाषणाला सुरुवात केली.

२९ जुलै, शनिवार

भाषण वाढतंय. आजोबा युक्रेनहून बोटीत बसतात तिथून सुरू केलंय. नवव्या पानावर लेस्याचा जन्म होतो. मधलं कापायला हवं. पण मी लेखक आहे, कापणं हे निर्मात्याचं काम.

निर्माता म्हणून सोशलच्या बक्षिसांत भर घातली: माझ्या आगामी चित्रपटात एक छोटी भूमिका. कार्ड छापून फ्रेम केलं, सोबत माझा फोटो. शौना म्हणाली, तुम्ही एखादी बाटली दिली असती तरी चाललं असतं.

१९ ऑगस्ट, शनिवार, दुपारी ४

सूट इस्त्री झाला. भाषण आतल्या खिशात. तिच्यामागे धावायचं नाही. एका बाजूला उभं राहायचं, तिला मला शोधू द्यायचं. चर्चचा विषय तीच काढेल. मी क्षणभर थांबेन आणि हो म्हणेन. आरशासमोर करून पाहिलं. थांबणं छान जमतंय.

२० ऑगस्ट, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

हॉलच्या दारात लॉर्न तिकिटं फाडत होता. त्याने माझ्या मनगटावर शिक्का मारला. म्हणाला, आलास, बरं झालं ओरेस्ट, बार डावीकडे. मी म्हटलं, मी मुलीचा बाप आहे. म्हणाला, अरे हो बाबा, पण शिक्का सगळ्यांनाच लागतो, माझ्याही हातावर आहे बघ.

बक्षिसांच्या टेबलावर प्रत्येक वस्तूपुढे कागदी पिशवी. ज्याला जे हवं त्या पिशवीत चिठ्ठ्या टाकायच्या. बार्बेक्यूची पिशवी ओसंडत होती. दारूच्या बाटल्यांनी भरलेल्या ढकलगाडीपुढे रांग. माझी पिशवी रिकामी. चिठ्ठ्यांची एक अख्खी पट्टी घेतली आणि सगळ्या तिच्यात टाकल्या. लोकांना कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

लेस्याने मला शोधलं नाही. तिला मी दिसलो, आणि ती गर्दीतून धावत आली. म्हणाली, तातो! आलास! खरंच आलास! माझ्या कोटाची बाही धरली ती सोडेना. मी थांबायचं विसरलो.

मग बटरफ्लाय लागला. तिघांचा नाच. संथ भागात तिघांनी हात गुंफून चालायचं, ठेका वाढला की मधल्याने एकदा याच्याबरोबर गिरकी घ्यायची, एकदा त्याच्याबरोबर. लेस्या मध्ये. एका हाताला लॉर्न, एका हाताला मी. ती माझ्याकडे यायची, लॉर्नकडे जायची, परत माझ्याकडे यायची. म्हणाली, पाय काय बघतोस तातो, माझ्याकडे बघ. बघितलं. ती हसत होती.

फोन वाजला. बर्निस. शनिवारी संध्याकाळी एजंट उगीच फोन करत नाही. मला वाटलं, फ्रँकसाठी आणखी प्रसंग लिहिले असतील, आठवणीतले. लेस्याला बोटाने खूण केली, एक मिनिट. बाहेर आलो.

बर्निस म्हणाली, राजा, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको म्हणून मीच करतेय. सिनेमा काही लोकांना दाखवून बघितला. तुझा फोटो बदलतायत. मी विचारलं, लोक काय म्हणाले? म्हणाली, सोड ना. मी म्हटलं, कलाकाराला कळलं पाहिजे. मग तिने सांगितलं. लोक म्हणाले, हा माणूस वारलेला वाटत नाही, सोडून गेलेला वाटतो.

पार्किंगमध्ये थोडा वेळ उभा होतो. आत आलो तेव्हा माझ्या जागी कोल्टनची आजी होती. चांगली नाचत होती.

नाच संपल्यावर लेस्या माझ्यासाठी पाणी घेऊन आली. म्हणाली, कुणाचा फोन? म्हटलं, बर्निस. म्हणाली, काम मिळालं? तिला ते खरंच हवं होतं, माझ्यासाठी. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हटलं, हो. व्हँकुव्हर. मोठा रोल आहे.

म्हणाली, अरे वा! कधी?

म्हटलं, ऑक्टोबर. पूर्ण महिना.

मग म्हणाली, अच्छा. म्हणाली, मी आज तुला विचारणारच होते. चर्चमध्ये माझ्या एका बाजूला लॉर्न आणि एका बाजूला तू, असं मनात होतं. पण काम असेल तर राहू दे तातो. खरंच राहू दे. मला काय नवीन आहे?

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण दिलेला शब्द लगेच फिरवणं बरं दिसलं नसतं. पात्राला सातत्य लागतं.

नंतर राय ब्रेड, सलामी, चीज, लोणच्याच्या काकड्या. लेस्याने पलीकडून हाक मारली, डॅड, इकडे दोन प्लेट! मी वळलो. लॉर्न आधीच निघाला होता.

भाषण खिशातच राहिलं. सोशलला भाषणं नसतात.

२२ ऑगस्ट, मंगळवार

शौनाचा मेसेज. माझं बक्षीस मलाच लागलं. कळवलं, परत चिठ्ठी काढा. तिने लिहिलं, काढली होती, तेव्हाही तुम्हीच.

४ सप्टेंबर, सोमवार

खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. बातमी जरा लवकर दिली. आता काम मिळवलं की झालं.

बर्निसला सांगितलं, ऑक्टोबरमध्ये काहीही चालेल, फक्त व्हँकुव्हर हवं. म्हणाली, अरे, पोरीचं लग्न ना तुझ्या ऑक्टोबरमध्ये? म्हटलं, म्हणूनच. ती म्हणाली, ओरेस्ट, मी तुला किती वर्षं ओळखते, पण हे काही माझ्या डोक्यात शिरत नाहीये.

२५ सप्टेंबर, सोमवार

ठरलं. आज सांगायचं. फोनवर काय बोलायचं ते आधी लिहून काढलं. पहिला खर्डा: शूटिंग पुढे ढकललं. कच्चा वाटला. दुसरा खर्डा: काम नव्हतंच, मला यायचंय. एकाच ओळीचा. वाचायला फार वाईट, पण तोच ठेवला.

लेस्याने फोन उचलला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, तातो, तयारी झाली का? व्हँकुव्हरला सारखा पाऊस असतो, जाकीट ने. मी सगळ्यांना सांगितलंय, कोल्टनच्या घरीसुद्धा. माझा बाप सिनेमात आहे, शूटिंग आहे, म्हणून येत नाही. नाहीतर लोक काहीतरी वेगळंच समजतात ना.

आवाजात अभिमान होता. किंवा तिने तो आणला होता. मला ओळखता यायला हवं होतं.

म्हटलं, नेतो जाकीट.

१ ऑक्टोबर, रविवार

आजपासून मी व्हँकुव्हरला.

पडदे ओढले. दूध-ब्रेड शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आणायचं, टोपी घालून. तिसऱ्या प्रवेशाला यापेक्षा चांगली संधी मिळणार नाही. महिनाभर कुणी त्रास देणार नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंग. टर्की नाही. चर्चच्या बायकांनी केलेल्या पिरोगी, बटाटा भरलेल्या करंज्या, फ्रीझरमध्ये होत्या, त्या उकडल्या.

इमारतीचं हीटिंग गुरुवारपासून बंद आहे. केअरटेकर दार वाजवून म्हणाला, उद्या लॉर्नची माणसं येतायत, घरात थांबाल ना? दार न उघडता म्हटलं, मला थंडी वाजत नाही. म्हणाला, आवाज तर कापतोय तुमचा. म्हटलं, तालीम चालू आहे.

तिसरा प्रवेश सुरू व्हायचा आहे.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

अजूनही जाता येईल. उद्या सरळ चर्चमध्ये उभं राहायचं. म्हणायचं, दिग्दर्शकाने एक दिवस सोडलं, रात्रीच्या विमानाने आलो. सगळे खूश होतील. लेस्या बाही धरेल. मग संध्याकाळी कुणीतरी विचारेल, कोणता सिनेमा?

सूट बाहेर काढून ठेवला आहे.

१४ ऑक्टोबर, शनिवार, दुपार

सूट घातला. टाय बांधला. चर्च इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे. बूट घालून दाराशी गेलो. जिन्यात कुणीतरी बोलत होतं. ते जाईपर्यंत थांबलो. ते गेले. मी थांबलोच.

मग खुर्चीत येऊन बसलो.

लेस्याचा मेसेज आला. निघालो चर्चला. आई रडतेय, लॉर्नही रडतोय, मीच काय ती हसतेय. तुझं कसं चाललंय तिकडे?

बरंच काही लिहिलं आणि खोडलं. ती आता आत गेली असेल.

शेवटी लिहिलं, शॉट सुरू आहे. नंतर बोलतो.