दुसरी पाळी

मंगळवार, संध्याकाळ

आज फौंड्रीची दुसरी पाळी बंद केली. बाबांनी शिरोलीत कारखाना उभा केल्यापासून ती कधी बंद पडली नव्हती. कामं हातात आहेत, भट्टी धड आहे, पण माणसं नाहीत. इकडची पोरं पुण्याला जातात आणि परराज्यातली सणाला गेली ती आलीच नाहीत. पाळी बंदची पाटी लिहितानाच दमले.

ती लावून वळले, तर मागे शोभाक्का उभ्या. शाहूवाडीकडच्या, साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, बनवतात. म्हणाल्या, "म्याडम, आमाला साचं भराय शिकवा की. आमी चौघी तयार हाय."

फोरमन दत्तूमामा तिथंच होते. "त्ये बायकांचं काम न्हाय."

"मग गडी आना की! कुठं हायत गडी?"

मामांनी हातातला चहा फुंकला. मी म्हटलं, "मामा, उद्यापासून शिकवा." ते चहा तसाच ठेवून निघून गेले.

तेव्हापासून एकच टोचतंय. दुसरी पाळी बंद पडली नसती, तर मी हो म्हटलं असतं का? त्या चौघी इतकी वर्षं इथंच तर होत्या. मला कधी का सुचलं नाही? आणि संध्याकाळपर्यंत ही धास्तीही होती, मामा उद्या आलेच नाहीत तर? त्यांच्याशिवाय शिकवणार कोण?

घरी निघताना मामा गेटवर थांबलेले दिसले. राजीनामाच देतात असं वाटलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, हातमोजं बारक्या मापाचं मागवाय पायजेत. आपल्यात न्हाईत."