फेस बसेपर्यंत

बाबा, आज गुरुवार आहे. शाळेतून येऊन हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात बसले आहे. पाय सुजलेत, तुमच्यासारखेच, घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा राहतो. ओट्यावर लिंबू आहे, खायच्या सोड्याची बरणी आहे, आणि शेजारी फ्रिजमधून काढलेला सोड्याचा कॅन आहे. यातलं काय घ्यायचं ते मला अजून ठरवता येत नाही. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि दर गुरुवारी हीच कटकट. आज इतका कंटाळा आला की म्हटलं, आधी तुम्हालाच लिहावं.

तुमचा देव मला कुणाला समजावून सांगता आला नाही. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडे कोणाचं करतात? मी तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळी झाले. काय सांगणार होते? बार्शीटाकळीकडच्या आपल्या गावात तुम्ही लहानपणी भर उन्हात देवळाला कुलूप पाहिलं, घरी येऊन आजोबांना विचारलं, आत देवाले उकडत नसन का, आणि आजोबांनी एक ठेवून दिली. तिथून तुम्ही ठरवून टाकलं की ज्याला कोंडता येतं तो देव नाही. एवढाच तुमचा धर्म. पोथी नाही, उपास नाही, नारळ नाही. आईचा देव्हारा होता, त्याला तुम्ही कधी नावं ठेवली नाहीत, फक्त त्याची दोन्ही दारं बिजागरीतून काढून माळ्यावर ठेवून दिली. झाकणबंद काही प्यायचं नाही. खोकल्याच्या औषधाचंसुद्धा बूच काढून घटकाभर उघडं ठेवायचं आणि मग चमचा भरायचा. आई कपाळाला हात लावायची.

अकोल्याच्या त्या घरातले गुरुवार मला आजही जसेच्या तसे दिसतात. तुम्ही दालमिलमधून येता, भुवयांवर डाळीची पिवळी पूड. मोरीवर हातपाय धुता. आईने माठातल्या पाण्यात साखर, काळं मीठ, लिंबू घालून तीन पेले भरून ठेवलेले. तुम्ही बरणीतून चिमूट चिमूट सोडा टाकता, फेस सर्रकन वर येतो, आणि तुम्ही पेला कानाशी धरता. हात जोडायचे नाहीत, ओठ हलवायचे नाहीत. फेस बोलतो तोवर ऐकायचं, बसला की प्यायचं. वीस आकडे मोजेपर्यंत सगळी पूजा आटपायची. शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काहो, तुमचा देव ढेकरातून परत जाते का?" तुम्ही पेला खाली ठेवून शांतपणे म्हणायचात, "हो न. कोंडून ठेवत नाही आमी त्याले." मोहल्ल्यात तुम्हाला सोडाबाबा म्हणत. मला त्या नावाची फार लाज वाटायची, हे तुम्हाला माहीत होतं.

नववीत सरांनी आम्हाला आम्ल आणि सोडा शिकवला, आणि मला वाटलं, सुटले. त्या गुरुवारी मी पेला कानाला लावलाच नाही. म्हटलं, हा देव नाही, हा कार्बन डायऑक्साइड आहे. आई घाबरून तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही फेस बसू दिला, प्यायलात, मिशी पुसली आणि म्हणालात, "असन. नाव काई बी असन. कोंडता येत नाही, हे सांगतलं का तुया मास्तरनं?" मला इतका राग आला. दिवाळीत मामाकडे अमरावतीला गेले तेव्हा तिथून एक कोल्ड्रिंकचा कॅन दप्तरात लपवून आणला. त्या काळात ती नवलाचीच गोष्ट होती. तुमच्यापुढे आपटून ठेवला. म्हटलं, हा पाहा कोंडलेला तुमचा देव. तुम्ही तो उचलला, कानाशी नेला, हलवला, पुन्हा कानाशी नेला. मग ती रिंग ओढलीत, आणि सगळं तुमच्या तोंडावर, बनियनवर, भिंतीवर. आईच्या कॅलेंडरवरसुद्धा. तोंडावरून ओघळ गळत असताना तुम्ही म्हणालात, "पाह्य. रायला का आत?" मला हसू आलं आणि हसायचं नव्हतं म्हणून मी रडले. उरलेलं तुम्ही कडुनिंबाच्या बुडाशी ओतलंत. "बांधून आणलेलं मी पेत नाही वं. तू पेत जाय, तुले मनाई नाही." तुम्ही मनाई केली असतीत तर बरं झालं असतं. भांडायला काहीतरी हाताशी राहिलं असतं.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडे आलात. दोन वर्षं होतात तुम्ही, आणि मी तेव्हाही अशीच थकलेली असायची. शाळा, तपासायच्या वह्या, सासूबाईंचं पथ्य, तुमचं पथ्य. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, पायांवर सूज, भिंत धरून चालणं. गुरुवार मात्र चुकत नव्हता. चैत्रातला एक गुरुवार होता, अमरावती नुसती भाजत होती. मी चार वाजता आले आणि तुम्ही खोलीतून विचारलंत, "झालं का वं?" घरात लिंबू नव्हतं. बाजारात जायची ताकद नव्हती. फ्रिजमध्ये ह्यांचे सोड्याचे कॅन होते, त्यांच्या रविवारच्या बैठकीचे. काय बैठक ते तुम्हाला सांगायला नको. मी नळ मोठा सोडला, म्हणजे रिंगचा आवाज जाणार नाही, आणि एक कॅन फोडून स्टीलच्या पेल्यात ओतला. साखर आणि मीठ घातलं. घातल्याबरोबर असा उसळला की अर्धा ओट्यावर सांडला.

तुम्ही खाटेचा दांडा धरून उभे राहिलात. पेला कानाशी. मी दारातून मनात मोजत होते. वीस झाले, चाळीस झाले, शंभर झाले. घरचा सोडा चिमूटभर बोलतो आणि गप्प होतो, हा बोलतच राहिला. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तुमचे गुडघे थरथरत होते. मी म्हटलं, बाबा, बसा आता. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "थांब वं, अजून सुरू हाय." खरं सांगून टाकावं असं वाटलं, आणि मी जाऊन गॅस बंद करून आले. शेवटी तुम्ही पेला खाली घेतला, ते मेलेलं पाणी घटाघट प्यायलात आणि म्हणालात, "आज लय वेळ थांबला, माय." मला वाटलं, जमलं. कळलं नाही तुम्हाला.

आणि मग, बाबा, मी दर गुरुवारी तेच करत गेले. एकदा खपून गेल्यावर माणूस पुन्हा लिंबू पिळायच्या भानगडीत पडत नाही. तुम्ही दर गुरुवारी त्या सुजलेल्या पायांवर तितकाच वेळ उभे राहायचात. पावसाळाभर हे चाललं. वीस आकड्यांची पूजा मी पाव तासाची करून ठेवली आणि तिकडे गॅसपाशी उभी राहून पोळ्या लाटल्या. पोळा होऊन गेला असेल, एकदा रिंग ओढताना माझं बोट चांगलंच चिरलं. पट्टी बांधली. सासूबाईंनी विचारलं तर विळी लागली म्हटलं. पुढच्या गुरुवारी मी पेला तुमच्या हातात दिला, तुम्ही माझं पट्टीचं बोट चाचपलंत आणि म्हणालात, "चिमट्यानं उघडत जाजो वं. पत्रा लागते." एवढंच. मी काही बोलायच्या आत पेला कानाशी गेला होता आणि डोळे मिटले होते.

म्हणजे पहिल्या दिवसापासून. जन्मभर फेस ऐकलेल्या माणसाला कळणार नाही असं मला वाटलंच कसं? बांधून आणलेलं तुम्ही पीत नव्हतात, म्हणून त्यातलं सगळं सुटून जाईपर्यंत उभे राहत होतात, आणि मगच पीत होतात. पुढचे तीनच गुरुवार मिळाले मला. त्या तिन्ही गुरुवारी मी कॅनच उघडला, चिमट्याने. खोटं उघड पडलं तर आता लिंबू कोणत्या तोंडाने पिळू, असं झालं. नंतर तुम्ही गेलात.

माझा तुमच्या देवावर विश्वास नाही. सासूबाईंच्या देवावरही नाही, पण त्यांच्याबरोबर देवळात जाते, हात जोडते, प्रसाद घेते, कुणाला काही विचारायची गरज पडत नाही. गुरुवारी मात्र सगळे बाहेर असले की पेला कानाशी धरते. लिंबाचा केला तर तो लगेच गप्प होतो, आणि तुमच्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटायच्या आतच संपतो. कॅनचा केला तर पाव तास उभं राहावं लागतं, पाय ठणकतात, आणि ते ठणकणं मला हवंसं वाटतं. आज कॅनच घेतला. लिहिता लिहिता पेला शेजारी बोलत होता, आता जवळजवळ थांबला आहे. हे पत्र पाकिटात घालणार नाही. चिकटवलेलं तुम्ही हातात घेतलं नसतं, आणि पत्ता तरी कोणता लिहू.

एक राहिलं. तुम्ही गेल्यावर ह्यांना मी सांगितलं, सासूबाईंना सांगितलं, वर तुम्हालाही तेच लिहिलं, की त्या चैत्रातल्या दिवशी घरात लिंबू नव्हतं. होतं, बाबा. फ्रिजच्या दारात चार होती.