हॉट डॉग, फक्त चाखण्यापुरता

२४ जुलै, गुरुवार

उद्यापासून श्रावण. सवितामावशीचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून शुक्रवारच्या जिवतीचा स्वयंपाक मी करायचा असं ठरलं. अट एकच. करणारीने महिनाभर वशाट खायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. सिंगापुरात, पासिर रिसच्या या फ्लॅटमध्ये अंडंही येत नाही, आणि मी इथेच राहते. अवघड काय आहे त्यात?

तन्मय, मावशीचा एकुलता एक, याच महिन्यात एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला गेला. टेकाँग बेटावर ट्रेनिंग. मावशी बँकेत कंप्लायन्सला आहे, सही असलेल्या कागदावरही सहज विश्वास ठेवत नाही. पण पोराच्या हातात बंदूक आल्यावर तिने थेट जिवतीकडे धाव घेतली. तो धडधाकट परत यावा, एवढंच तिचं मागणं. माझ्या पुरणाचा आणि त्याच्या तब्येतीचा काही संबंध नाही हे मला माहीत आहे. तरी पाळीन.

२५ जुलै, शुक्रवार

पुरण जमलं. पुरणाचे दिवेही. मुलगा समोर नाही म्हणून मावशीने डाव्या हाताने चारही दिशांना अक्षता टाकल्या. टेकाँग आपल्या ईशान्येला आहे, एक दिशा पुरेल, असं मी सुचवलं. "देवाला जीपीएस शिकवू नकोस," म्हणाली.

दुपारून तुआसला कामावर, कारखान्याच्या लॅबमध्ये. आम्ही वनस्पतीजन्य सॉसेज बनवतो. अमेरिकन ग्राहकाचा माणूस आला आहे, वॉल्ट. ऑगस्टभर मुक्काम. बॅगेत स्वतःची मोहरीची बाटली. त्याच्या मते हॉट डॉग हा पदार्थच नव्हे, तो उन्हाळा आहे. वडील, बेसबॉल, धूर, हातात गरम बन. मोठ्या माणसाने त्यावर केचप घातला तर त्याच्याशी बोलू नये. हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी एक्झॉस्ट फॅन वाढवला.

आमचा माल खऱ्याशी ताडून बघायचा, म्हणून त्याने खरा हॉट डॉगही आणला आहे. पद्धत ठरलेली. चावायचं, नोंद करायची, कपात थुंकायचं. म्हणजे चाखणं. चाखणं हे खाणं नव्हे.

त्यात नेमकं कशाचं मांस आहे ते मी वाचलं नाही. एरवी मी प्रत्येक पाकीट वाचते.

कप रिकामा राहिला.

२८ जुलै, सोमवार

आमचं सॉसेज वाकतं. खरं दाताखाली टच्चकन तुटतं. मूळ प्रश्न हा आहे, आणि तो सोडवायला खऱ्याचा अभ्यास हवा.

आजही गिळला. पण चव घशात किती वेळ रेंगाळते ते गिळल्याशिवाय कळत नाही. हे खरं आहे. सोयीचंही आहे. एकाच वेळी दोन्ही असू शकतं.

उद्यापासून थुंकणार.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटे दोनदा अंघोळ केली. मावशी म्हणाली, "अगं, एकदा पुरते." उकाड्याचं कारण सांगितलं.

पुरणाचा एक दिवा मध्येच चिरला. पूर्ण पाच मिनिटांनी तन्मयचा फोन. ताप आहे, मेडिकल सेंटरला गेलो होतो, डोन्ट पॅनिक लाह. मावशीने फोन ठेवला आणि नवा दिवा वळ म्हणाली. एका हाताने मला पुरण पुढे सरकवत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

ताप विषाणूने येतो. बराकीत पोरं जवळजवळ झोपतात. दिव्याचं पुरण कोरडं झालं होतं. तिन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत.

तरी आजपासून संपूर्ण बंद. चाखणंसुद्धा.

४ ऑगस्ट, सोमवार

तन्मयचा ताप उतरला. म्हणजे संबंध नव्हताच.

वॉल्टने आज तवा लावला, बन वाफवले, वर कांदा आणि मोहरी. म्हणाला, सुटा तुकडा चावून काय कळणार, हॉट डॉग पूर्णच खायचा असतो. तांत्रिक मुद्दा बरोबर आहे. एखादा भाग वेगळा तपासणं आणि अख्खी यंत्रणा तपासणं यांत फरक असतो.

यंत्रणा दोन वेळा तपासली.

परत येताना एमआरटीच्या गाडीत बरं वाटलं. नंतर नाही. मावशीने माझ्यासाठी कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या. एका हाताने. भूक नाही म्हणाले. "काम फार पडतं का गं तुला?" म्हणाली, आणि वड्या डब्यात भरल्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या नॅशनल डे, म्हणून तन्मय संध्याकाळी घरी. बारीक झालाय, डोकं तुळतुळीत. मावशी पाटावर बसवून ओवाळायला लागली, ताम्हन मी धरलं. वाकले तर पोरगं वास घेत म्हणतं, "एह इराताई, व्हाय यू स्मेल लाइक हॉट डॉग आह? सो शिओक!" म्हणजे फर्मास.

मावशीचा हात थांबला.

मी म्हटलं, लॅबमधला धुराचा फ्लेवर आहे, कपड्यांत बसतो, पूर्ण वनस्पतीजन्य. प्रत्येक शब्द खरा. मावशीने ओवाळणं पुरं केलं, मग हसली. "मग आण की एकदा घरी. तू दिवसभर करतेस काय ते आम्हालाही कळू दे."

"मस्ट ब्रिंग," तन्मय म्हणाला. "बट व्हेजवाला शुअर जियालात लाह." म्हणजे भिकार असणारच.

तिने विश्वास ठेवला. जी सही असलेल्या कागदावर ठेवत नाही, तिने.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नवा नमुना वाकत नाही. वॉल्ट डोळे मिटून चावला, म्हणाला, जवळजवळ पोचलात. हाच शुक्रवारी घरी नेणार. धोका शून्य. मावशीने खरा हॉट डॉग जन्मात खाल्लेला नाही. ताडून बघायला तिच्याकडे काहीच नाही.

वॉल्टने खरा पुढे केला. तुलना ताजी असावी लागते. शेवटचा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

नैवेद्य, जेवणं झाली. संध्याकाळी तन्मय घरी आल्यावर सॉसेज तव्यावर परतलं, बनमध्ये घातलं. या वेळी पाकीट शब्दन् शब्द वाचून दाखवलं. मावशीने डाव्या हातात धरून घास घेतला. सावकाश चावला. तन्मयचा चावून झाला तरी तिचा चालू.

"छान आहे हं," म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी दुसरा वाढायला उठले.

तिने बन नाकाशी नेला. "पण इरा, तुझ्या कुडत्याला येतो तो वास हा नव्हे."

तन्मय खाता खाता थांबला. मी म्हटलं, प्रत्येक घाण्यात थोडा फरक पडतो.

"हं," मावशी म्हणाली, आणि उरलेला सगळा संपवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

वॉल्टला सांगितलं की घरच्या एका परीक्षिकेला वासात फरक जाणवला. तो उडालाच. कोण आहे ही बाई, तिला इकडे आणा. मी म्हटलं, ती उपलब्ध नाही.

आज खरं पुढे आलं तेव्हा चावलं, नोंद केली, थुंकलं. पूर्ण. कोणी बघत नव्हतं. उद्याही असंच. परवाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी डाळ शिजायला लावायला उठले तर मावशी फोनवर. तोआ पायोहच्या मधुवंतीबाईंना पुरणपोळ्या, वरण, सगळ्याचीच ऑर्डर देत होती. "अगं, प्लास्टर आहे ना अजून," मी म्हटलं. "तेच तर," ती म्हणाली. "तुला किती त्रास द्यायचा." बाकी काही विचारलं नाही. माझी उत्तरं मुद्द्यांसकट तयार होती.

संध्याकाळी तन्मय आला. ताम्हन या वेळी तिने शेजारच्या बाईंना धरायला बोलावलं. त्याला ओवाळून झाल्यावर तिने पाट तसाच ठेवला आणि मला हाक मारली. "ये, तूही बस. लेकरूच आहेस."

मी बसायला वाकले.

"आधी चूळ भरून ये," मावशी म्हणाली. रागाने नाही. लहान मुलाला सांगतात तसं.

मी गेले आणि चूळ भरली. आठवडाभरात खऱ्या हॉट डॉगचा एक घासही पोटात गेला नव्हता. हे आता कोणाला सांगायची सोय नव्हती.