धुरपता हलते

११ ऑगस्ट १९५७, वडसा
आजपासून रोजनिशी, कारण आजपासून मी फोटोग्राफर. जंगल-ठेकेदाराच्या घरचं सामान विकायला निघालं होतं, त्यात हा जर्मन कॅमेरा मिळाला. युद्धाच्या आधीचा. त्यापायी सायकल गेली. जाऊ दे. घरापासून स्टेशन दोनशे पावलं, पार्सल क्लार्कला सायकल लागते कशाला?
संकल्प: वर्षभरात झाडीपट्टीत नाव. वाघ, मंडईची जत्रा, नाटकातले राजे, काही सोडायचं नाही. चांद्याचा दादाजी फोटोवाला अजून लाकडी खोका आणि काळं फडकं घेऊन गावोगाव हिंडतो. त्याने आता दुसरा धंदा बघावा.
धुरपताने विचारलं, आधी माझा एक काढाल का? म्हटलं, रविवारी. घरच्या मॉडेलवर हात बसेल.

१८ ऑगस्ट, रविवार
धुरपताचे चार फोटो. ओसरीच्या भिंतीला टेकून बसवली. हलू नकोस म्हटलं तर हसली. हसू नकोस म्हटलं तर जास्तच हसली. मधेच दूध उतू गेलं म्हणून पळाली. मॉडेलला शिस्त नाही.
सहज विचारलं, तुला एकदम फोटोचं काय सुचलं? तेव्हा हसायची थांबली. म्हणाली, "माह्या आईचं तोंड मले आता आठवत नाई. लय आठवून पाह्यते, येतच नाई. कमळीचं तसं नाई झालं पाह्यजे."
कमळा आमची एकुलती एक, आरमोरीला दिली आहे. मला क्षणभर वाईट वाटलं. पण फोटोग्राफरने भावनेत वाहून चालत नाही. उजेड जातो.

२९ ऑगस्ट
प्रिंट आले. फिल्म धुवायला दादाजीकडेच चांद्याला पाठवावी लागते, नाइलाज आहे. चारही फोटो हललेले. धुरपताला दोन नाकं, कुंकू काडीसारखं ताणलेलं. तिला दाखवले. ती म्हणाली, नाही हलले, मी श्वाससुद्धा धरला होता. म्हटलं, बाई, कॅमेरा खोटं बोलत नाही.
पाकिटात दादाजीची चिठ्ठी: एकदा भेटा, बोलायचं आहे. मला सगळं समजतं. पोटात दुखायला लागलं आहे त्याच्या. भेटणार नाही.

८ सप्टेंबर
मुंबईच्या दुकानाचा कॅटलॉग आला. तीन वेळा वाचला. दोष माझा नाहीच, लेन्सचा आहे. माझी लेन्स साडेतीन आकड्याची; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. दोनची घेतली तर तिप्पट उजेड आत येतो, मग शटर झटकन मारता येतं आणि बायको कितीही हलो. शिवाय एक लांब लेन्स चेहऱ्यासाठी वेगळी असते. तीही घ्यावी लागणार.
धुरपता म्हणाली, आहे त्यानेच अंगणात उन्हात काढा ना. तिला काय सांगणार! उन्हात डोळ्यांखाली काळं पडतं, असं कॅटलॉगात स्पष्ट लिहिलं आहे.

२२ सप्टेंबर
लेन्स की फ्लॅश? आठ दिवस डोकं फुटायची वेळ आली. शेवटी ठरलं, आधी फ्लॅश. बल्ब एकदाच पेटतो आणि फुकट जातो, पण त्या क्षणात माणूस जागच्या जागी गोठतो म्हणतात. हलणाऱ्या बायकांवर हाच उपाय.
फ्लॅशसाठी मागे भिंत पांढरीशुभ्र पाहिजे. आणि आमच्या भिंतीवर हा मोठा तेलाचा डाग! या घरात आल्यापासून बारा वर्षं धुरपता तिथेच डोकं टेकून तांदूळ निवडते, दुसरं काय होणार? तिला रागावलो. चुन्याचा डबा आणला. रविवारी भिंत रंगवायचीच.

६ ऑक्टोबर
भिंत ओली, चुना राहिला. पुढचा रविवार नक्की.
मॉडेलची मात्र प्रगती आहे. आज पाव तास बसली, एकदाही उठली नाही. आधी दहा वेळा उठायची. आता पाणीही झिंगू हमालाची बायको सोमारी भरून देते. धुरपता म्हणते, विहिरीपर्यंत गेलं की दम लागतो. असो. बसायची सवय लागली हे महत्त्वाचं. शिकवणाऱ्यावर असतं.

२० ऑक्टोबर
फ्लॅश आला! पार्सल देणारा मी, घेणारा मी, दोन्हीकडे माझीच सही. काय ती चांदीसारखी थाळी! झिंगूने विचारलं, बाबू, यात जेवता का?
संध्याकाळी कळलं की कॅमेऱ्याला फ्लॅशची वायर लावायला जागाच नाही. कॅमेरा युद्धाआधीचा, फ्लॅश युद्धानंतरचा, दोघांची ओळखच नाही. पण मी हार मानणारा नव्हे. शटर मी उघडं धरायचं, तीन म्हटलं की झिंगूने बाजूला उभं राहून फ्लॅश उडवायचा. झिंगूने पहिल्यांदा दोनला उडवला. मग चारला. मग घाबरून स्वतःच्या तोंडावर. पाच बल्ब गेले. धुरपता इतकी हसली की खोकल्याने बेजार झाली. मग भिंतीला डोकं लावून बराच वेळ डोळे मिटून बसली. मी म्हटलं, डोळे उघडे ठेवायची प्रॅक्टिस कर.

१० नोव्हेंबर
कमळा दिवाळीला येऊन गेली. म्हणत होती, आई किती सुकली! मी तिला समजावलं. हललेल्या फोटोत माणूस पसरट दिसतो, ते फोटो रोज बघून खरं माणूस बारीक वाटायला लागतं. तिने तर फोटो तोवर पाहिलेच नव्हते, पण ते जाऊ दे. म्हणाली, आईला नागपूरला मोठ्या दवाखान्यात न्या. म्हटलं, नेतो. दोघांचा रेल्वे पास आहेच. दवाखाना आणि लेन्सचं दुकान, एका फेरीत दोन्ही कामं.
चुना राहिला.

२४ नोव्हेंबर
नागपूरला जाऊन आलो. एकटाच.
दुकानाचं पत्र होतं, दोनची लेन्स आली आहे, एकच आहे, लवकर या. काल सकाळी दोघं निघालो. दोनशे पावलं तर चालायची. धुरपता विहिरीपाशी खाली बसली. उठवलं, पुन्हा बसली. म्हणाली, "तुमी जा. लेन्स जाईन कोणी घेऊन. मी का कुठी पळून जाते?"
मी थांबून विचार केला. नाही असं नाही. तेवढ्यात गाडीने शिटी दिली.
लेन्स आदल्या दिवशीच खपली होती. पुढची मुंबईहून पंधरा दिवसांत, नाव लिहून आलो. धुरपतासाठी टॉनिकची बाटली आणली. दुकानदार म्हणाला, अशक्तपणावर चांगलं आहे.

१५ डिसेंबर
मंडई. वडशात पाय ठेवायला जागा नाही. नाटकाचे तंबू, चिवड्याची दुकानं आणि स्टेशनसमोर दादाजीचा पडदा. पडद्यावर तळं आणि दोन हंस, तळ्यापुढे स्टूल. लोक रांग लावून मेल्यासारखे ताठ बसतात.
धुरपताने विचारलं, तोवर दादाजीभाऊकडून एक काढून घेऊ का? मी चिडलो. गावभर मी सांगतो आहे फोटोग्राफर म्हणून आणि माझी बायको त्याच्या हंसांसमोर बसणार? पंधरा दिवस थांब म्हटलं. बरं म्हणाली. ती कधी वाद घालत नाही, हा तिचा मोठा गुण.
दादाजीने झिंगूबरोबर पुन्हा निरोप पाठवला, भेटा. गेलो नाही.

५ जानेवारी १९५८, रविवार
नव्या वर्षाची सुरुवात उत्तम. धुरपता आज अर्धा तास बसली. भिंतीला डोकं टेकून, हात मांडीवर. हलणं नाही, हसणं नाही. मी सवयीने हलू नकोस, हलू नकोस म्हणत होतो, पण गरजच नव्हती. पाच महिन्यांच्या मेहनतीचं फळ. लेन्स आली नाही तरी सहा फोटो काढले. हे येणारच.
पाय सुजले आहेत, चप्पल जात नाही. पाय फोटोत घेतले नाहीत.

१२ जानेवारी
ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे नेली. झिंगूने आणि मी उचलून गाडीत बसवली. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, हे आजचं नाही, वर्ष तरी झालं असेल, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?
मी काय सांगणार? मी तर रोज तिच्याकडेच बघत होतो. भिंगातून.

१९ जानेवारी
गुरुवारी सकाळच्या गाडीच्या वेळेला धुरपता गेली. हात माझ्या हातात होता. मला वाटलं, झोपली.
आणखी लिहवत नाही.

२ फेब्रुवारी
तेरवी झाली. कमळा सासरी जायला निघाली. निघताना म्हणाली, बाबा, आईचा फोटो द्या. मी सगळे प्रिंट दिले, चौदा होते. ती एकेक उजेडात धरून बघत गेली. सगळे बघून झाले, पुन्हा पहिल्यापासून बघितले. मग गठ्ठा माझ्या हातात परत दिला. म्हणाली, "बाबा, याच्यात आईचं तोंडच नाई."
मी म्हटलं, शेवटचे सहा अजून यायचे आहेत. त्यात ती अजिबात हललेली नाही. ते नक्की चांगले येतील.

९ फेब्रुवारी
ते सहा घेऊन दादाजी स्वतः चांद्याहून आला. ओसरीवर बसला. पाणी दिलं. त्याने पाकीट दिलं, मी उघडलं. सहाही हललेले.
मला रडूच आलं. म्हटलं, दादाजी, बाई दगडासारखी बसली होती हो. त्या दिवशी ती हललीच नव्हती.
तो म्हणाला, "मनसारामबाबू, बाईकडं नका पाहू. भिंतीतला खिळा पाहा. खिळे दोन दिसतेत ना? भिंत काई हलते का? बाई कधीच हलल्या नाई. तुमचा हात हलते."
मी जुने प्रिंट काढले. पहिले चार. सगळ्यांत खिळा दोन. दाराची चौकट दोन. डागसुद्धा दोन.
तो म्हणाला, ऑगस्टपासून सांगतो आहे, भेटा. चिठ्ठीत लिहिलं तर तुम्हाला राग येईल म्हणून लिहिलं नाही. कॅमेरा पाटावर, डब्यावर, कशावरही टेकवायचा, बस. असल्या उजेडात हीच लेन्स पुरते. फ्लॅशचं काम नाही.
उठताना त्याने आणखी एक सांगितलं. सांगू की नको, असं त्याचं चाललं होतं. मंडईच्या दिवशी मी ड्यूटीवर असताना धुरपता त्याच्या पडद्यापाशी गेली होती. सोमारीचा हात धरून, वाटेत बसत बसत. स्टुलावर बसली, पदर सारखा केला. दादाजीने काळ्या फडक्यात डोकं घातलं, तेवढ्यात ती उठली. म्हणाली, "नोको भाऊ. आमचे हे काढून राह्यले. त्यायले वाईट वाटन."
दादाजी गेल्यावर मी ओसरीत बसून राहिलो. धुरपता, तू बसायचं होतंस गं. मला वाटलं असतं वाईट तर वाटू द्यायचं होतंस.

१६ फेब्रुवारी
तिचं तोंड आठवून पाहिलं. कुंकू आठवतं. हसायची ते आठवतं. पण डोळे मिटले की प्रिंटमधलीच दिसते, दोन नाकांची. एवढ्यातच असं होतं आहे.

२ मार्च, रविवार
लेन्स आली. देणारा मी, घेणारा मी. दोन सह्या केल्या आणि पार्सल न उघडता तसंच परत पाठवून दिलं.
दुपारी तिचा तांदळाचा डबा ओसरीत आणला. त्यावर कॅमेरा ठेवला, जुन्या लेन्सचाच. खाली दोन पाट घालून उंची बरोबर केली. बोट हळूच दाबलं. भिंतीचा एकच फोटो काढला.

१४ मार्च
प्रिंट आला.
खिळा एकच आहे. चौकट सरळ. भिंतीवरच्या मुंग्यासुद्धा मोजता येतात. आणि मधोमध तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग, कडा न् कडा स्पष्ट. इतका चांगला फोटो मी आयुष्यात काढलेला नाही.
कमळाला आरमोरीला पाठवला. मागे लिहिलं, तुझी आई इथे टेकून बसायची.
चुन्याचा डबा झिंगूला देऊन टाकला.